पक्ष्यांचे शत्रू, जुने आणि नवे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत माळरान, बाभळीची बने, गोदावरी-मांजरेचा काठ आणि मैलोगणती पसरलेली सोयाबीन-उसाची शिवारे, अशा सर्व ठिकाणी पक्ष्यांचा वावर आहे. त्यांचे शत्रूही तिथेच आहेत. साप, मुंगूस, घोरपड आणि शिक्रा हे जुने शत्रू. विष, मांजा, विजेच्या तारा आणि जाळी ही माणसाची देणगी. जुन्या शत्रूंवर पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोड शोधून ठेवली आहे. नव्यांवर त्यांच्याजवळ काहीच इलाज नाही.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, पण ती खड्यामातीत अशी मिसळून जातात की शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाहीत. तरीही कुणी जवळ आलेच, तर ती आरडाओरडा करत थेट डोक्यावर झेपावते. सुगरण विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपा टांगते. खाली पाणी, भोवती काटे आणि आत शिरायला लांब नळीची वाट, एवढे अडथळे सापालाही सहज पार होत नाहीत. कोतवाल तर घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीलाही पळवून लावतो. त्याच्या या दराऱ्याचा फायदा घेत होले आणि हळद्या त्याच्याच झाडावर घरटी करतात. एवढे करूनही काही अंडी साप-मुंगसाच्या तोंडी जातातच. पण भक्ष्य घटले की रानातला शिकारीही घटतो, म्हणून हा हिशेब सहसा बिघडत नाही.

मांजर आणि मोकाट कुत्रा यांना हा नियम लागू होत नाही. त्यांचे पोट घरातल्या दुधावर आणि गावच्या उकिरड्यावर भरते, त्यामुळे पक्षी कमी झाले तरी त्यांची संख्या कमी होत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथली मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. आपल्याकडे तितर, लावा, चंडोल अशा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना कुत्र्यांचा मोठा धोका आहे.

मोकाट कुत्री वाढण्याचा संबंध गिधाडांशीही आहे. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला आली होती.

शेतातले धोके पेरणीपासून सुरू होतात. विषारी औषध चोळलेले बियाणे मातीवर उघडे राहिले की मोर, कबुतरे आणि होले ते टिपतात. फोरेटसारख्या जहाल दाणेदार कीटकनाशकावर २०२० अखेर देशात बंदी आली. तरी फवारणीत मेलेल्या अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात विष जातेच. उन्हाळ्यात धुरे आणि उसाचे पाचट पेटवले की घरट्यांतली अंडी-पिल्ले जळतात. गायरान नांगरले गेले की घरट्याला जागाच उरत नाही.

संक्रांतीच्या सुमारास आकाशही सुरक्षित नसते. नायलॉनचा मांजा उडत्या पक्ष्याला दिसत नाही आणि सहजी तुटतही नाही. पंख चिरतात, किंवा झाडात अडकलेल्या दोऱ्यात पक्षी लटकून उपाशी मरतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली, पण झाडांत गुंतलेला जुना दोरा सण संपल्यावरही जीव घेत राहतो. विजेच्या तारांची गोष्टही अशीच आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तो माळढोक अंगाने जड असतो आणि त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि तेवढ्यात वळता येत नाही.

जाळी आणि फासे लावून तितर-लावा पकडणे, पोपट पिंजऱ्यात ठेवणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हे आहेत. घुबड-पिंगळ्यांचा बळी अंधश्रद्धेपायी जातो. वास्तविक शेतातले उंदीर फस्त करणारा याहून चांगला राखणदार शेतकऱ्याला मिळणार नाही.

रोगाचा धोकाही मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पन्नासच्या आसपास कावळे मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचे निदान झाले आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र ठरवण्यात आला. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकल्यास त्या खाणाऱ्या कावळ्या-घारींना अशा रोगाची लागण होऊ शकते. त्यामुळे त्या चुना टाकून खोल पुरणे आवश्यक असते.

यातले बहुतेक धोके माणसानेच निर्माण केले आहेत, म्हणून ते टाळणेही त्याच्याच हातात आहे. पेरताना बियाणे मातीने नीट झाकावे. धुरा पेटवू नये. मांजर रात्री आणि पहाटे घरात ठेवावे. संक्रांतीनंतर झाडांतला दोरा काढून टाकावा. जखमी पक्षी दिसला तर हवेशीर खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला सांगावे.