गाडी बंद पडली आहे, क्रेन यायची आहे: तोवर स्वतःला आणि घरच्यांना कसे सांभाळाल?

गाडी रस्त्यात बंद पडली की सगळ्यांचे लक्ष गाडीकडे जाते. बॅटरी उतरली का, क्लच गेला का, टोचन करून न्यायला क्रेनवाला किती पैसे घेईल, याची चर्चा सुरू होते. मागच्या सीटवर बसलेल्या आजी, दुपारचे जेवण लांबलेले मधुमेही वडील, घामाने चिंब होऊन झोपलेले बाळ यांच्याकडे पाहायचे राहून जाते. बिघाडामुळे सहसा कोणाला इजा होत नाही. इजा होते ती त्यानंतरच्या तास-दोन तासांत, वाट पाहताना. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी टाळता येण्यासारख्या असतात.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. फोनवर "अर्ध्या तासात पोचतो साहेब" असे उत्तर मिळाले, तरी तुम्ही दोन ते तीन तासांच्या तयारीने राहा. घाटात वाहतूक अडली असेल तर क्रेनही त्याच रांगेत अडकते. पाणी, खाणे, औषधे आणि फोनची बॅटरी यांचा हिशेब या वेळेप्रमाणे करा.

बंद पडलेल्या गाडीत बसून राहू नका

आपल्याला गाडी म्हणजे घरासारखी वाटते. दार लावले की सुरक्षित वाटते. महामार्गाच्या कडेला मात्र हे उलटे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागून येणाऱ्या चालकाला डुलकी लागली असेल किंवा तो मोबाइल बघत असेल, तर उभी गाडी त्याला दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. अशा धडकेत आत बसलेल्यांच्या मानेला, डोक्याला आणि छातीला गंभीर दुखापत होते. सीटबेल्ट काढून निवांत बसलेल्यांचे हाल जास्त होतात.

म्हणून गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना डाव्या बाजूच्या दारांनी उतरवा. लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा. तिथेही गाडीच्या पुढच्या बाजूला थांबू नका. मागून धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते. त्यामुळे ज्या दिशेने वाहने येतात त्या दिशेला, गाडीपासून थोडे मागे आणि रस्त्यापासून दूर उभे राहा. घाटात मात्र कठडा ओलांडण्यापूर्वी पलीकडे जमीन आहे की दरी, हे पाहून घ्या. पावसाळ्यात डोंगराच्या कापलेल्या कड्याखाली थांबणेही बरे नाही, तिथे दगड घरंगळतात.

लाल परावर्तक त्रिकोण साधारणपणे गाडीसोबत मिळतो आणि डिकीत स्टेपनीखाली पडून असतो. साध्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर, म्हणजे साधारण ७० पावलांवर ठेवा. वेगवान रस्त्यावर याहून लांब हवा, कारण १०० च्या वेगाने ५० मीटर दोन सेकंदांतच संपतात. पण तो ठेवण्यासाठी लेनमधून चालत जाऊ नका. कठड्याआडून जाता येत नसेल, अंधार असेल, वाहने अंगावरून जात असतील, तर त्रिकोण राहू द्या. त्रिकोणासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही. रात्री टायर बदलायचा मोहही आवरा, विशेषतः उजव्या बाजूचा.

गाडी मधल्या किंवा उजव्या लेनमध्येच बंद पडली आणि उतरून कडेला जाणे अशक्य असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आतच थांबा, सगळ्यांचे बेल्ट लावा, डोके सीटच्या मागच्या उशीला टेकवा, दिवे चालू ठेवा आणि लगेच ११२ ला फोन करा.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. राज्याच्या द्रुतगती मार्गांचे क्रमांक वेगळे असतात, ते फलकांवर लिहिलेले असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या खांबावरचा आकडा आणि तुम्ही कोणत्या दिशेने चालला होतात, हे दोन्ही सांगा. "खंडाळ्याच्या थोडे पुढे" एवढे सांगून रुग्णवाहिका तुमच्यापर्यंत येत नाही. दुभाजकाच्या चुकीच्या बाजूला आली तर तिला लांबचा वळसा पडतो.

उन्हाळ्यात सगळ्यात घाई उन्हाची

एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गाडी बंद पडली आणि एसी गेला, तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. बंद गाडी उन्हात उभी राहिली की पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी वाढू शकते. बाहेर ४२ अंश असतील तर आत पन्नाशी ओलांडली समजा. काच दोन बोटे उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. म्हणून "झोपले आहे, झोपू दे" म्हणत बाळाला आत ठेवू नका. उठवा, रडले तर रडू द्या, सावलीत घेऊन जा.

सावली नसेल तर ओढणी, चादर, बेडशीट जे असेल त्याची सावली करा. छत्री पावसाळ्यापुरती नसते, ती वर्षभर गाडीत असावी. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा. घाम खूप येत असेल तर ओआरएस चांगले, पण मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे. एका ग्लासात अख्खे पाकीट टाकले तर मीठ जास्त होते आणि लहान मुलांना ते घातक ठरू शकते.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही पहिली पायरी. सावली, पाणी आणि विश्रांतीने हे बरे होते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात आहे असे धरून चाला. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका: जाडे कपडे काढा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, वहीने, पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. ती गोळी तापावर चालते, उन्हाने तापलेल्या शरीरावर नाही.

इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपणे

गाडी चालत नाही पण इंजिन सुरू होते आहे, अशा वेळी लोक एसी लावून आत झोपतात. यातला धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. मोकळ्या जागेत, सुस्थितीतल्या गाडीत हा धोका कमी असतो. पण सायलेन्सरचे तोंड चिखलात, साचलेल्या पाण्यात किंवा दरडीच्या मातीत अडकले असेल, गाडी बंदिस्त शेडखाली असेल, किंवा जुन्या सायलेन्सरला भोक असेल, तर तोच वायू आत येतो.

लक्षणे फसवी असतात: डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि गुंगी येते. प्रवासाचा शीण समजून माणूस डोळे मिटतो. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर इंजिन बंद करून सगळे आधी बाहेर या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे खोटा दिलासा देते. ९८ किंवा ९९ आकडा दिसतो, कारण त्या यंत्राला हा वायू चिकटलेला हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवाला हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. बाहेर आल्यावर बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवा.

औषधांवर असलेली माणसे

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन निघालेला आणि पुढच्या ढाब्यावर जेवायचे ठरवलेला माणूस रस्त्यात अडकला की त्याची साखर उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, चिडचिड ही लक्षणे. घरचे म्हणतात, गाडी बंद पडली म्हणून वैतागलेत. वैताग समजून सोडून देऊ नका. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा यंत्रच नसेल आणि शंका असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, फरक नसेल तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर बिस्किटे, पोळी असे काहीतरी खायला द्या. बिस्किटापासून सुरुवात करू नका, त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. मधुमेही माणसाच्या खिशात साखर असावी, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो तेव्हा ते हसतात.

ज्येष्ठ स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला हवे. रस्त्यावर लघवीला जायची सोय नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात उभे राहिल्यावर दाब उतरतो आणि चक्कर येऊन पडतात. कंबरेचे हाड मोडलेल्या आजींचा प्रवास असाच एका साध्या चक्करेने सुरू झालेला मी पाहिला आहे. संकोच न करता दोन चादरींचा आडोसा करून द्या. आजी स्वतःहून मागणार नाहीत. त्यांना बसायला द्या आणि उठताना हळू उठवा.

दम्याचा पंप डिकीतल्या बॅगेत नको, जवळ हवा. गर्भवतीला पोटात दुखत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर क्रेनची वाट पाहायची नाही, १०८ बोलवायची.

"चला, धक्का मारू"

एरवी जिन्याचे दोन मजलेही न चढणारा पन्नाशीचा माणूस भर उन्हात दीड टनाची गाडी ढकलू लागतो. उपाशीपोटी, चिडलेला आणि घामेजलेला. हृदयावर असा एकदम ताण येणे धोक्याचे आहे. आधी हृदयविकार झालेल्यांनी, स्टेंट असलेल्यांनी आणि ज्यांना चालताना दम लागतो त्यांनी गाडीला हात लावू नये. त्यांनी स्टिअरिंगवर बसावे. ढकलताना छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटले, डाव्या हातात वा जबड्यात कळ गेली, गार घाम सुटला, तर तो 'गॅस' आहे असे समजून सोडा पिऊ नका. खाली बसा, १०८ ला फोन करा. ऍस्पिरिनची ऍलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ऍस्पिरिन चावून खाल्लेली चांगली.

इंजिन तापून बंद पडले असेल तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आतले उकळते पाणी दाबाने तोंडावर आणि हातावर उडते. भाजलेच, तर २० मिनिटे साधे पाणी धार धरून ओता. हळद, टूथपेस्ट, शाई नको.

रात्री गवतात बसायची वेळ आली तर आधी टॉर्च मारा, पायांत बूट ठेवा. आपल्याकडे फुरसे, घोणस, मण्यार, नाग सगळेच आहेत. दंश झाला तर चिरा देणे, घट्ट दोरी बांधणे टाळून माणसाला न चालवता थेट रुग्णालयात न्या.

क्रेन आल्यावर

आता संपले असे वाटते आणि सगळे हुकाभोवती गोळा होतात. तारेचा दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत किंवा दोन वाहनांच्या मध्ये कोणी उभे राहू नये. तुटलेली तार चाबकासारखी बसते. टोचन केलेल्या किंवा ट्रकवर चढवलेल्या गाडीत माणसे बसवू नका, मुले तर मुळीच नकोत. क्रेनच्या केबिनमध्ये एक-दोघांचीच जागा असते, म्हणून म्हातारी माणसे आणि मुलांसाठी दुसऱ्या गाडीची सोय क्रेनला फोन करतानाच करून ठेवा.

घरी पोचल्यावर मुलांना लघवी कधी झाली ते पाहा. सहा-आठ तास झाली नसेल, किंवा मूल सुस्त असेल, तर डॉक्टरांना दाखवा. कोणाचे डोके अजून दुखत असेल किंवा उलट्या थांबत नसतील तरीही. आणि इन्सुलिनची बाटली किंवा पेन त्या तापलेल्या गाडीत राहिले असेल, तर फ्रिजमध्ये परत ठेवून काही होत नाही. ते दिसायला तसेच दिसते, पण त्याचा असर कमी झालेला असू शकतो. ते टाकून द्या आणि नवे वापरा.