एका ओळीचा नकार

माजी सैनिकाचा अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला की घरी येणारं पत्र एका पानाचं असतं. वर संदर्भ क्रमांक, खाली सही-शिक्का आणि मध्ये मुद्द्याची एकच ओळ: आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. वीस-चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस ती ओळ वाचतो, पत्राची घडी घालतो आणि पिशवीत ठेवून देतो. पुढे वर्षानुवर्षं ते तिथेच पडून राहतं.

अशा पिशव्या उघडणं हे आता माझं काम होऊन बसलं आहे. फौजेत मी क्लार्क होतो. नोकरी संपवून लोणार तालुक्यातल्या बीबीला, आपल्या गावी, परतलो आणि शेती बघता बघता आसपासच्या गावांतले माजी सैनिक कागद घेऊन यायला लागले. बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पण मेहकर-चिखली करत तिथे जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि सोयाबीन काढणीच्या हंगामात तो परवडत नाही. म्हणून कागदांची पहिली छाननी माझ्या ओट्यावर होते.

पिशवीतून आधी सातबारा, बियाण्याची बिलं, पोरांचे दाखले बाजूला काढायचे. मग फौजेचे कागद तारखेप्रमाणे लावायचे: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, लष्करी दवाखान्यातले कागद आणि रिलीजच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही. सगळ्यात महत्त्वाचा कागद हा शेवटचा, आणि बहुतेकांकडे नेमका तोच नसतो. मग आधी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, सर्व्हिस नंबर आणि रिलीजची तारीख घालायची, आणि मागणी स्पष्ट लिहायची: मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, आणि भरतीच्या वेळी झालेल्या तपासणीची प्रत.

बोर्डाच्या फॉर्मला एएफएमएसएफ-16 म्हणतात. त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. कुठे-कुठे पोस्टिंग झाली, त्यातली फील्ड (सीमेवरची, खडतर) किती, पीस (शांत छावणीतली) किती, भरतीआधी काही दुखणं होतं का, हे तो त्यात सांगतो. पुढे त्याच्या कमांडिंग ऑफिसरचं म्हणणं, मग डॉक्टरांची तपासणी. शेवटी बोर्डाचं मत: आजार सेवेमुळे झाला का, होय किंवा नाही, सेवेमुळे वाढला का, होय किंवा नाही, आणि शेजारी कारणाचा रकाना. मी फॉर्म हातात आला की आधी तो रकाना बघतो. कधी तिथे दोन ओळींत नीट कारण दिलेलं असतं. पुष्कळदा मात्र आजाराचं नाव आणि 'पीस स्टेशनला सुरुवात' एवढंच असतं.

गेल्या हंगामात एक हवालदार आले होते. चोवीस वर्षं नोकरी, त्यात बर्फातली पोस्टिंग, वाळवंटातली पोस्टिंग, आणि शेवटी पीस स्टेशनला मधुमेह निघाला. बोर्डाने अपंगत्व 20 टक्के, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं; सेवेशी संबंध मात्र नाही म्हटलं. फॉर्मवरचा तो रकाना मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "साहेब, मी भरती झालो तवा डॉक्टरनं डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. साखर असती तर घेतलंच नसतं मले. मंग ही आली कुठून?"

सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग खटल्यात हाच प्रश्न सरकारला विचारला होता. तो जवान 1985 मध्ये भरती झाला, झटके येतात म्हणून 1994 मध्ये घरी पाठवला गेला आणि पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाने 1982 च्या हक्क नियमांचा आधार घेऊन सांगितलं की भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरावं लागेल. संबंध सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही, शंकेचा फायदा त्यालाच, आणि नकार द्यायचा तर बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत. त्या जवानाला घरी पाठवल्यापासून हा निकाल यायला 19 वर्षं गेली. पण त्या निकालाचा आधार आज बीबीतल्या माणसालाही घेता येतो, आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

अपील लिहिताना मी भावनेची वाक्यं काढून टाकतो. तारखा ठेवतो. अमुक दिवशी भरती, वैद्यकीय श्रेणी शेप-1, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. अमुक साली उंचावरची पोस्टिंग. अमुक दिवशी आजाराची पहिली नोंद. हृदयविकाराच्या दाव्यात तर दुखणं उठण्याआधीच्या 14 दिवसांत जवान कोणती ड्यूटी करत होता, हे तपासण्याची पद्धत आहे. रात्रीचा पहारा, लांबचा कॉन्व्हॉय, सराव, जे होतं ते युनिटच्या कागदांवर असतं. ते मागवायचं. दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद शोधायचे. रजेवर असताना झालेल्या अपघाताचा दावा जास्त अवघड असतो. तिथे सेवेशी धागा जोडून दाखवावा लागतो. ज्याच्या दाव्यात तो धागा दिसत नाही, त्याला मी तसं तोंडावर सांगतो. खोटी आशा दाखवणं हाही अन्यायच.

पैशाचा हिशोब लोकांना आधी समजावा लागतो, कारण बरेच जण 20 टक्के म्हणजे किरकोळ समजून सोडून देतात. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम धरली जाते, आणि कमी टक्क्याला त्या प्रमाणात. वर 50 टक्क्यांखालचं अपंगत्व 50 टक्के धरण्याची सवलत आहे. ती आधी फक्त मध्येच घरी पाठवलेल्यांना मिळायची. राम अवतार खटल्यात 10 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही लागू असल्याचं सांगितलं. म्हणजे शेवटचं वेतन 40,000 असेल, तर 20 टक्के अपंगत्वाचे महिन्याला 6,000 रुपये, त्यावर महागाई भत्ता वेगळा. कोरडवाहू शेतीच्या घरात ही रक्कम म्हणजे औषधपाणी आणि किराणा. ज्याला मध्येच 'बोर्ड आउट' केलं, त्याची तर पेन्शनची वर्षंही भरलेली नसतात. त्याचं सगळं घर त्या एका शेऱ्यावर अवलंबून असतं.

पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. तिथे नाही झालं, तर दुसरं अपील, तेही सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते आलं, 2009 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईला आहे. उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे कितीतरी प्रकरणांत थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली गेली. पत्र घडी घालून ठेवलेल्या वर्षांची किंमत ही अशी मोजावी लागते.

माणूस घडी का घालतो, हे मला त्या हवालदारांच्या घरी कळलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यायनं कधी खोटं दुखणं सांगून सुट्टी घेतली नाही. मंग सरकार यायले खोटं काहून ठरवते?" पत्रात कुणी कुणाला खोटारडं म्हटलेलं नसतं. पण कारण न देता नाही म्हटलं, की ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं. पैसे गेल्याचं दुःख गावात बोलता येतं. आपल्यावर विश्वास ठेवला नाही, हे बोलता येत नाही. म्हणून पत्र लपवलं जातं.

सरकारची बाजूही आहे. रक्तदाब, मधुमेह शहरातल्या कारकुनालाही होतो. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, अशी चिंता वरच्या पातळीवर आहे. 2008 चे आणि मग 21 सप्टेंबर 2023 चे नवे नियम त्यातूनच कडक झाले. म्हणून रिलीजची तारीख आधी बघावी लागते. कोणते नियम लागू होतील ते तीच ठरवते. पण गैरफायदा रोखायचा, तर एकेका माणसाचा दावा तपासून कारण लिहायला हवं. सरसकट नकार देण्याने ते काम होत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्याच प्रकरणात सांगितलं की आजार पीस स्टेशनला सुरू झाला, एवढ्यावर दावा नाकारता येणार नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारणाविना दिलेलं बोर्डाचं मत पुरेसं मानलं नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तर जवानांविरुद्धची अनावश्यक अपिलंच थांबवा म्हटलं होतं.

आमच्या तालुक्याने मोठं दुःख पाहिलं आहे. जवळच्याच चोरपांग्र्याचे नितीन राठोड 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामाच्या हल्ल्यात शहीद झाले. ते सीआरपीएफचे होते. त्या दलांचे नियम वेगळे असतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथल्या जखमी किंवा आजारी जवानाला सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येत नाही, त्याला उच्च न्यायालय गाठावं लागतं. आणि आता सकाळी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं अग्निवीर व्हायला निघाली आहेत. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर 100 टक्क्यांना 44 लाख, 75 टक्क्यांना 25 लाख, 50 टक्क्यांना 15 लाख, अशी एकरकमी भरपाई. तिथेही सगळं त्याच प्रश्नावर येऊन थांबतं: सेवेमुळे की नाही?

त्या पोरांना मी हेच सांगतो. भरतीच्या तपासणीपासून प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेव. दुखलं तर सिक रिपोर्ट कर, अंगावर काढू नको. नोंद नसलेलं दुखणं पुढे कुणी मानत नाही. बोर्डासमोर बसशील तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नको. नकार आला तर पाकिटावरची तारीख जप, सहा महिने तिथून मोज. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जुलै 2025 मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदतीची सोय धरली आहे.

आणि बोर्डावर बसणाऱ्या डॉक्टरांकडे एकच मागणी आहे. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्या रकान्यात कारण लिहा, आणि जवान घरी निघण्याआधी ते त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगा. खरं कारण दिलं तर फौजी ते मान्य करतो. चोवीस वर्षं त्याने हुकूम ऐकला आहे. एका ओळीच्या उत्तरापेक्षा जास्त उत्तर ही त्याची रास्त मागणी आहे, आणि ते मिळेपर्यंत प्रत्येक नकाराला अपील गेलंच पाहिजे.