गाळा बघायला निघालेला पैलवान

कोल्हापुरात जिम काढायची ठरवली की पहिली गाठ तालमीशी पडते. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधून घेतलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण मैदान गाजायचं ते वर्षातले मोजके दिवस. रोजची मेहनत चालायची गल्लीतल्या तालमीत. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही मोठी नावं झाली. त्यांच्याशिवाय पेठापेठांतून लहानमोठ्या तालमी उभ्या राहिल्या. पोरगं खांद्यावर टॉवेल टाकून घरातून निघालं की पाच मिनिटांत हौद्यात उतरायचं. फी नावाला. वस्ताद गल्लीतलाच, आणि दोन दिवस दांडी पडली तर थेट घरी येऊन आईला विचारणारा. अशा गावात महिन्याला हजार रुपये घेणारी जिम कुठं टाकायची, हा माझ्या भाच्यापुढचा प्रश्न होता.

भाचा स्वतः तालमीतला. गुडघ्यानं दगा दिल्यावर कुस्ती सुटली, मग त्यानं ट्रेनरचा कोर्स केला, काही वर्षं पुण्यातल्या जिममध्ये नोकरी केली आणि परत आला. मशिनरीचा त्याचा हिशोब पक्का होता. जागेचा नव्हता. "मामा, तुम्ही बरोबर या. तुम्हाला गाव माहीत आहे," म्हणाला. मला गाव माहीत होतं ते राहणाऱ्याच्या नजरेनं. गाळा शोधणाऱ्याच्या मागं स्कूटरवर बसून फिरल्यावर तेच गाव मला वेगळं दिसायला लागलं.

सुरुवात शिवाजी पेठेतून झाली, कारण भाच्याची ओळखपाळख तिथली. रस्त्यावरचा गाळा, भाडं झेपेल असं, मालक ओळखीचा. आत गेल्यावर अडचण दिसली. पेठेतली जुनी घरं अरुंद आणि खोल. रुंदी बारा फूट, लांबी साठ. दोन्ही भिंतींना मशीन लावल्या तर मधून बारबेल घेऊन वळायलाही जागा उरत नाही. तरी तो ओढला जात होता. त्याला थांबवलं ते शेजारच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांनी. त्यांनी भाडं विचारलं नाही, मशीन किती हेही नाही. विचारलं, "कुठल्या तालमीचा तू?"

बाहेरच्याला हा प्रश्न साधा वाटेल. कोल्हापुरात तालीम ही आता फक्त व्यायामाची जागा राहिलेली नाही. गणपती तिचा, मिरवणूक तिची, फुटबॉलचा संघ तिचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावं आज शाहू स्टेडियमवर संघ म्हणून घेतली जातात, आणि सामन्याच्या दिवशी पेठेतलं पोरगं कुणाकडून ओरडतंय हे त्याच्या पत्त्यावरून सांगता येतं. एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीच्या दारात धंदा मांडतो, तेव्हा गिऱ्हाईक आधी त्याची बाजू बघतं. शिवाय बऱ्याच तालमींत मातीच्या शेजारच्या खोलीत आता आमदार फंडातून आलेली मशीन आहेत. तिथं पोरं जवळपास फुकट घाम गाळतात. आजोबांना उत्तर देऊन बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, "हितं माझी जिम चालली तरी ती माझी राहणार न्हाई, मामा." पेठा तिथंच यादीतून गेल्या.

महाद्वार रोड आणि ताराबाई रोडचा विचार आम्ही केलाच नाही. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, नवरात्रात बंद होणारे रस्ते, दुचाकी लावायला जागा नाही. संध्याकाळी सातला रोज येणाऱ्या माणसाला तिथवर पोचणं हाच व्यायाम.

मग एजंटनं व्हीनस कॉर्नरच्या बाजूला नेलं. शाहूपुरी ही महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली व्यापारी पेठ; रुंद रस्ते, स्टेशन जवळ, बँका, लॉज, दुकानं. जागा बेसमेंटची होती. सलग, बिनखांबाची, थंड, आणि चौरस फुटाचा दर वरच्या मजल्यांच्या मानानं फारच कमी. एजंट म्हणाला, "जिमला बेसमेंटच बेस्ट, साहेब. आवाज न्हाई, ऊन न्हाई." भाच्यानं टॉर्च लावून भिंतीचा कोपरा बघितला. नवा रंग होता, पण जिन्याजवळ जुन्या रंगावर एक मळकट आडवी रेघ राहून गेली होती.

कोल्हापुरात जागा घेणाऱ्यानं दोन वर्षं पाठ ठेवावीत, 2019 आणि 2021. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. त्या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा सखल भाग, सगळीकडं पाणी आलं. नदीचं पाणी चढलं की जयंती नाल्याचं पाणी तुंबतं आणि मागं फिरतं, त्यामुळे नदी दिसतही नाही अशा गल्लीत ते शिरतं. दुकानदार कापडाचे गठ्ठे, पोती एका रात्रीत वर हलवतो. दीडदोनशे किलोची ट्रेडमिल कोण हलवणार? लोखंडी प्लेट धुऊन, तेल लावून परत वापरता येतात. ट्रेडमिलची मोटार आणि सर्किट बोर्ड भंगारात जातात. स्वस्त भाड्याचं कारण त्या रेघेत होतं. पुढं प्रत्येक ठिकाणी भाच्याचा पहिला प्रश्न ठरला, "एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?" हा प्रश्न मालकाला नाही, समोरच्या पानपट्टीवाल्याला विचारायचा.

ताराबाई पार्क आणि राजारामपुरी ही सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. दोन्हीकडं पैसा आहे, आणि म्हणूनच एसी, मोठ्या काचा आणि इम्पोर्टेड मशीनच्या जिम आधीच आहेत. ताराबाई पार्कात डॉक्टर, वकील, उद्योजक राहतात. ते फी देतील, पण त्यांना लागणारा थाट भाच्याच्या कर्जात बसत नव्हता. राजारामपुरीच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत क्लासेसमुळे तरुण पोरं भरपूर. मात्र मेन रोडवर संध्याकाळी गाडी लावायची म्हणजे दोन फेऱ्या मारायच्या, आणि आतल्या गल्लीत जिमच्या दारात वीस मोटारसायकली उभ्या राहिल्या की शेजारी आठवड्यात तक्रार घेऊन येणार.

रंकाळ्यावर मात्र तो हरखला. सकाळी साडेपाचला तिथं जत्रा असते. चालणारे, पळणारे, ओपन जिमच्या दांड्यांना लोंबकळणारे, एका बाजूला हास्यक्लब. "एवढी माणसं व्यायामाला घराबाहेर पडतात, आणखी काय पाहिजे?" असं मलाही वाटलं. आम्ही चहाच्या गाड्यावर बसून नीट बघितलं तेव्हा गर्दीचे थर दिसायला लागले. निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या आसपासची. त्यांना तलावाची हवा आणि मित्र हवेत, छताखाली ती येणार नाहीत. पळणारी पोरं बहुतेक भरतीची. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलींना आठशे मीटर. त्याला मैदान लागतं, जिम नाही, आणि त्यांच्यातल्या कितीजणांच्या खिशात अकादमीची फी भरल्यावर काहीच उरत नाही. संध्याकाळची चौपाटीची गर्दी तर भेळेची. रस्त्यावर माणसं किती हे बघून जागा ठरवणारा फसतो. बघायचं ते हे, की या वस्तीतल्या माणसाचा रोजचा एक तास कुठं मोकळा आहे.

हे ध्यानात आल्यावर आमची पद्धत बदलली. गाळा बघायच्या आधी वस्ती बघायची, आणि ती तीन वेळांना: सकाळी सहाला, साडेदहाला आणि संध्याकाळी सातला. सहाला कुठल्या घरांत दिवे लागलेत, दुधाला कोण बाहेर पडतंय. साडेदहाला पोरं शाळेला आणि नवरा कामाला गेल्यावर बायका काय करतात. सातला माणसं घरी परतली आहेत की अजून रस्त्यात आहेत. पाचगाव, आर. के. नगरकडं भाडी कमी होती आणि नव्या इमारती भराभर उठत होत्या, पण सातला तिथल्या पार्किंगमध्ये गाड्याच नसत. गोकुळ शिरगावच्या शिफ्टवरून किंवा गावातल्या दुकानावरून माणूस साडेआठला पोचतो. मग तो जेवतो, बाहेर पडत नाही. शिवाय उन्हाळ्यात टँकर. घामेजलेल्या पन्नास माणसांना तोंड धुवायला पाणी नसेल तर जिम महिनाभरात बदनाम होते.

साने गुरुजी वसाहत ते आपटेनगर या पट्ट्यात तिन्ही वेळांना हालचाल दिसली. हा भाग बराचसा पेठेतून बाहेर पडलेल्यांचा. वाटण्या झाल्या, पेठेतलं घर अपुरं पडलं, आणि धाकट्या भावानं इकडं फ्लॅट किंवा बंगलीवजा घर घेतलं. गणपतीत तो अजून जुन्या तालमीच्या मांडवात असतो, वर्गणी तिकडंच देतो. पण रोज पहाटे तालमीत जायला अंतर आड येतं. शरीराला मेहनतीची सवय होती, ती सुटून दहा वर्षं झाली, पोट सुटलं, डॉक्टरनं साखर सांगितली. हा माणूस जिमचं गिऱ्हाईक आहे, आणि इकडं त्याच्या घराजवळ तालीम नाही.

त्याहून मोठा वर्ग बायकांचा. पेठेतली तालीम पुरुषांची जागा राहिली. तिथल्या बायकांना गल्लीत व्यायामाला ठिकाण कधी नव्हतंच. साडेदहाला एका दूध डेअरीसमोर उभं राहून आम्ही बघत होतो, तेव्हा पोराला शाळेत सोडून परतणाऱ्या चार-पाच जणी स्कूटी लावून बोलत थांबल्या होत्या. भाच्यानं धीर करून विचारलं, इथं जिम निघाली तर याल का? एकीनं उलट विचारलं, "बाप्ये असणार का त्या टायमाला?" त्या एका प्रश्नानं त्याचं वेळापत्रक ठरलं. साडेदहा ते बारा आणि साडेतीन ते पाच फक्त बायका, ट्रेनरही बाई. एरवी जिम या वेळांना रिकामीच असते, आणि भाडं मात्र चोवीस तासांचं चालू असतं.

वस्ती ठरल्यावर इमारतीची पाळी. इथं भाचा माझ्यापेक्षा कडक निघाला. पहिल्या मजल्यावरच्या एका देखण्या हॉलला त्यानं नकार दिला. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशोबानं धरलेला असतो. जिमला किमान त्याच्या दुप्पट धरावा लागतो, आणि वरून आदळणाऱ्या वजनाचा धक्का वेगळा. इंजिनिअरची चिठ्ठी असल्याशिवाय वरचा मजला नको, आणि वर राहती घरं असतील तर पहाटे साडेपाचला डेडलिफ्टचा आवाज कुणी ऐकून घेणार नाही. उंची दहा फुटांच्या आत नको, कारण ट्रेडमिलवर उभा राहिलेला सहा फुटी माणूस पंख्याला लागतो. भोगवटा दाखला, व्यावसायिक मीटर, थ्री फेज मिळेल का, संडास किती, हे सगळं त्यानं वहीत लिहून नेलं होतं.

पैशाचा हिशोब त्यानं उलट्या बाजूनं मांडला. सोळाशे चौरस फूट जागा. कपडे बदलायची खोली, काउंटर जाऊन तेराशे उरतात. एका माणसाला पन्नास धरले तर एका वेळी सव्वीस. तेवढ्या जागेवर दीडशे मेंबर सांभाळता येतात, कारण सगळे एकदम येत नाहीत, आणि निम्मे रोजही येत नाहीत. दीडशे मेंबर, हजार रुपये, बारा महिने: अठरा लाख. वीस लाखांच्या आत उलाढाल राहिली तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. पुढं गेलं तर जिमवरचा कर सप्टेंबर 2025 पासून अठराऐवजी पाच टक्के आहे, पण मशीन घेताना भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. महिन्याच्या दीड लाखात भाडं चौथ्या हिश्शाच्या पुढं जाता कामा नये, ही त्याची रेघ. म्हणजे साडेसदतीस हजार. मालकानं पंचेचाळीस सांगितले, घासाघीस होऊन छत्तीसवर तुटलं; त्यात पाच वर्षांचा करार आणि तो नोंदवायचाच, ही अट भाच्याची. मशीन बसवून झाल्यावर अकराव्या महिन्यात भाडं दुप्पट मागणारे मालक त्यानं पुण्यात बघितले होते.

गाळा मेन रोडवर नाही. रिंग रोडपासून आत, डेअरी आणि शाळा यांच्या मधल्या रस्त्याला आहे. एजंटला हे पटलं नाही. "रोड टच घ्या, साहेब, बोर्ड दिसला पाहिजे." भाच्यानं त्याला विचारलं, "तालमीला बोर्ड होता काय कधी?" तालीम चालली ती दारापासून पाच मिनिटांवर होती म्हणून, आणि न येणाऱ्याला विचारणारं कुणी होतं म्हणून. तिची जागा राजानं किंवा गल्लीनं दिलेली होती. भाड्यानं जागा घेणाऱ्याला ते पाच मिनिटांचं अंतर विकत घ्यावं लागतं, आणि विचारपूस स्वतः करावी लागते. म्हणून शहरभर फ्लेक्स लावायचे नाहीत असं ठरलं आहे. डेअरीतल्या दुधाच्या पिशवीबरोबर पत्रक जाईल ते एक किलोमीटरच्या आतल्या घरांत, आणि तीन दिवस न आलेल्या मेंबरला चौथ्या दिवशी वस्ताद स्वतः फोन करणार.