यात चीटिंग नाही हं!

"मावशी, रहस्यकथा दे, पण विज्ञानकथेतली नको. त्यात चीटिंग असते!"

माझा भाचा नववीत आहे. फास्टर फेणे त्याने केव्हाच संपवलाय, शेरलॉक होम्सही झालाय. त्याचं म्हणणं असं, की विज्ञानकथेतल्या गुप्तहेराचं काय, अडलं की खिशातून एखादं अजब यंत्र काढायचं, बटण दाबायचं, की खुनी हजर! मग वाचणाऱ्याने डोकं खाजवायचं कशाला?

गंमत म्हणजे अमेरिकेतले नामवंत विज्ञानकथा-संपादक जॉन कॅम्पबेल यांचंही मत काहीसं असंच होतं. विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचं जमायचं नाही, असं त्यांनी आयझॅक असिमोव्ह या लेखकाला सांगितलं. असिमोव्हनी उत्तर म्हणून अख्खी कादंबरीच लिहिली : 'द केव्ज ऑफ स्टील', म्हणजे पोलादी गुहा. १९५३ साली ती 'गॅलेक्सी' मासिकात क्रमशः आली आणि १९५४ मध्ये पुस्तक निघालं.

तीच मी भाच्याच्या हातात ठेवली. पैज ठरली. खुलासा होण्याआधी खुनी ओळखलास, तर आइस्क्रीम माझ्याकडून!

आता गोष्ट ऐका. हजारो वर्षांनंतरची पृथ्वी. माणसं प्रचंड, छताखाली बंद असलेल्या शहरांत राहतात. जेवणात बरंचसं यीस्टपासून बनवलेलं अन्न. रस्ते स्वतःच पळतात, आपण नुसतं त्यांवर उभं राहायचं. उघडं आभाळ सहसा कुणी पाहतच नाही. उघड्यावर जायचं म्हटलं तरी लोकांना धडकी भरते.

न्यूयॉर्कला लागून 'स्पेसटाउन' आहे. तिथे परग्रहांवर वस्ती केलेल्या माणसांचे वंशज राहतात. एके दिवशी तिथल्या एका शास्त्रज्ञाचा खून होतो. तपास येतो एलिजा बेली या पोलिसाकडे. आणि जोडीदार कोण मिळतो? आर. डॅनिल ऑलिव्हॉ. यातला 'आर' म्हणजे रोबो! दिसायला मात्र हुबेहूब माणूस.

खरी मेख पुढेच आहे. शहरातून स्पेसटाउनमध्ये जाताना कसून तपासणी होते, शस्त्र नेताच येत नाही. दुसरी वाट उघड्या माळावरून. पण तिथून एकट्याने चालत जायची शहरातल्या माणसाची छातीच होणार नाही. रोबो त्या वाटेने सहज जाईल, पण माणसाला इजा करायची नाही हा त्याच्या मेंदूत बसवलेला पहिला नियम! म्हणजे जो जाऊ शकतो तो मारू शकत नाही, आणि जो मारू शकतो तो जाऊ शकत नाही. मग खून केला कुणी?

पाहिलंत ना? इथे विज्ञान ही कुलपाची किल्ली नाही, ते कुलूपच आहे. सगळे नियम लेखकाने आधीच सांगून ठेवलेत. आयत्या वेळी नवं यंत्र काढायची सोयच नाही.

मला मात्र खुनापेक्षाही बेली जास्त आवडला. त्याला रोबोंचा मनापासून राग आहे, आणि त्याला कारणही आहे. त्याच्याच कचेरीत निरोप पोचवणाऱ्या एका मुलाची नोकरी रोबोने घेतली आहे. बेलीच्या वडिलांचं पद लहानपणीच गेलं होतं, ते दिवस तो विसरलेला नाही. रागापोटी तो घाईने आरोप करतो आणि सपशेल तोंडावर पडतो, तेही दोनदा! पण चूक कळल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून विचार करायला बसतो. हळूहळू डॅनिलकडे पाहायची त्याची नजरही बदलते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील का, ही चर्चा घरोघरी चालते. आईबाबांनी मुलांबरोबर हे पुस्तक वाचावं ते यासाठी.

सगळंच छान आहे असं नाही. शहरांची माहिती सांगता सांगता मध्येच गोष्ट रेंगाळते. बेलीच्या बायकोला घाबरण्याखेरीज फारसं काम दिलेलं नाही, ते मला खटकलं. आणि एक हिशेब तर साफ चुकला. असिमोव्हच्या त्या दूरच्या भविष्यात पृथ्वीची लोकसंख्या आहे आठशे कोटी. तो आकडा आपण २०२२ मध्येच गाठला! अजून आभाळ दिसतंय, हे आपलं नशीब.

आणि पैज? भाच्याने छातीठोकपणे एक नाव सांगितलं, ते साफ चुकलं. "चीटिंग!" असं ओरडून तो तावातावाने मागची पानं चाळू लागला. थोड्या वेळाने गप्पच झाला. खुणेची गोष्ट सुरुवातीच्या पानांतच त्याच्या डोळ्यांसमोर होती.

"मावशी, मी वाचलं होतं गं, पण लक्षच दिलं नाही," तो म्हणाला.

बेलीसारखी चूक कबूल केली, म्हणून आइस्क्रीम मीच दिलं. खुनी कोण ते मात्र मी सांगणार नाही. इंग्रजी फार अवघड नाही, अडलं तर शब्दकोश आहेच. तुम्हीही पैज लावून पाहा!