अनुदान वाढलं, पण मिळणार कुणाला?

तहसीलच्या आवारात कुणालाही विचारा, 'निराधारचे पैसे' म्हटलं की लगेच कळतं. कागदोपत्री ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. 2023 मध्ये तिची रक्कम हजारावरून दीड हजार झाली. जून 2025 मध्ये प्रहारचे नेते बच्चू कडू दिव्यांगांसाठी सहा हजारांची मागणी घेऊन अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला उपोषणाला बसले. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांपुरती रक्कम अडीच हजार केली, ऑक्टोबरपासून लागू.

वाढ चांगलीच आहे. पण पात्रतेच्या अटीतला एक आकडा बघा: दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. महिन्याला 4,166 रुपये. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जाणाऱ्या बापाचा पगारही याहून जास्त असतो. म्हणजे खरं उत्पन्न लिहिलं तर घर अपात्र. तहसीलदाराच्या दाखल्यावर जे आकडे दिसतात ते का दिसतात, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. दिव्यांग मुलगा अठराचा झाला, कायद्याने सज्ञान झाला, तरी विचारतात ते घराचंच उत्पन्न. व्हीलचेअर, थेरपी, रिक्षाचं भाडं यांचा खर्च त्यातून कुणी वजा करत नाही.

अठरावं वर्ष तसंही अवघडच. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला 5, 10 आणि 18 व्या वर्षी नव्याने काढावा लागतो. कायम दाखला मिळतो तो अठरानंतर. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या आईबापांना त्यासाठी रोज बुडवून जिल्हा रुग्णालय गाठायचं असतं. 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले आणि दाखला देण्याची एका महिन्याची मुदत तीन महिने केली. कार्यालयाला सवड मिळाली, घराचं मात्र तेवढं वाट पाहणं वाढलं. त्यात पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याची मूठच उघडत नाही, त्याचा अंगठा यंत्रावर उठवायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक केंद्रावर नव्याने सोडवला जातो.

पालकत्वाचाही कागद लागतो. रजनीताई लिमये यांनी नाशिकमध्ये 1977 साली बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली. तिथली पहिली मुलं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. आईवडील थकल्यावर सही कोण करणार? राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीचा पालक नेमते. ही सोय कित्येक घरांना बँकेने सही अडवल्यावर कळते.

निराधारच्या अनुदानाखेरीज पैशाची दुसरी वाट पालिकेची. उत्पन्नातला ठरावीक वाटा दिव्यांगांवर खर्च करण्याचं बंधन स्थानिक संस्थांवर आहे. पूर्वी तो तीन टक्के होता, आता पाच. हा निधी पडून राहतो म्हणून जुलै 2017 मध्ये बच्चू कडू नाशिकच्या महापालिका आयुक्तांच्या दालनात धडकले होते. तो वाद पुढे न्यायालयात गेला. बातम्यांत राहिला तो दालनातला प्रसंग. निधी कशावर खर्चायचा, हे मात्र अजूनही पालिकाच ठरवते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र, कार्यशाळेपर्यंत नेणारी गाडी, आईला चार तास मोकळीक देणारी मदतनीस, हे सगळं या पाच टक्क्यांत बसू शकतं, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही.