गुडघ्याचं मलम खंबातच्या आखातात

कामरेजच्या पुलावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाचे ट्रक तुंबले की खिडकीतून तापी नीट बघता येते. बसमध्ये कुणी खान्देशातलं असेल, तर त्याचा हात आपसूक कपाळाकडे जातो. मुलताईहून निघून भुसावळ, प्रकाशा, उकाई, काकरापार करत ती इथवर आलेली असते. पुढे सुरत आणि डुमसपाशी खंबातचं आखात. एकूण ७२४ किलोमीटर. वाटेवरच्या गावांचं सांडपाणी कुठे शुद्ध होऊन, कुठे तसंच तिच्यात उतरतं. त्यात साबण, तेल, मैला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपली औषधंही असतात, हे मात्र डोक्यात येत नाही.

आमच्या आईच्या उशाशी डायक्लोफेनॅकच्या मलमाची ट्यूब असते. रात्री ती गुडघ्याला मलम चोळते, हात धुते, सकाळी आंघोळ. अशा मलमातलं औषध कातडीतून अंगात शिरतं ते साधारण ६ टक्के. उरलेलं हाताला, चादरीला, पातळाला लागतं आणि तिथून मोरीत जातं. शुगरच्या गोळीतल्या मेटफॉर्मिनचंही तसंच. ते शरीरात काम करतं, पण मोडत नाही. जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. रोज १ ग्रॅम घेणाऱ्या माणसाकडून वर्षाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. आता आपल्या इमारतीत शुगरवाले किती, ते मोजून बघा.

मग शुद्धीकरण केंद्रं कशाला आहेत? ती मैल्यासाठी आहेत. तिथले जिवाणू मैला खातात, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनही बऱ्यापैकी फस्त करतात. डायक्लोफेनॅक अर्धंमुर्धं सुटतं. फिटवर देतात ते कार्बामाझेपिन जवळपास तसंच पलीकडे जातं. मेटफॉर्मिन मोडतं, पण त्यातून ग्वानिलयुरिया नावाचं दुसरंच रसायन उरतं. यात जिवाणूंचा दोष नाही. पोटातल्या आम्लाला आणि यकृताला पुरून उरावं, अशीच औषधं बनवलेली असतात.

एवढ्याशा अंशाने समुद्राचं काय बिघडणार, असं वाटतं. पण थोडक्यात काम करणं हाच तर औषधाचा गुण. कॅनडातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ हे तीन उन्हाळे संशोधकांनी गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं, लिटरमागे अवघे ५-६ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्यावर नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

खाऱ्या पाण्यातली उदाहरणंही आहेत. बाल्टिक समुद्रातले शिंपले एका प्रकारचे धागे सोडून खडकाला घट्ट धरून बसतात. डायक्लोफेनॅकच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांची ही पकड सैल पडली. लाट आली की असा शिंपला सुटणार. पोर्ट्समथच्या संशोधकांनी २०१० मध्ये कोळंबीच्या एका चिमुकल्या भाऊबंदावर नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनचा परिणाम तपासला. एरवी अंधारात दडणारा हा प्राणी उजेडाकडे पोहू लागला, म्हणजे माशाच्या तोंडी आयताच गेला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बोनफिश तपासले, तर एकेका माशात सरासरी ७ औषधं सापडली.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधल्या अभ्यासातल्या सामन माशांनी. चिंता शमवणारं क्लोबाझॅम दिलेली पिल्लं समुद्रात जास्त संख्येने पोचली, धरणंही लवकर ओलांडून गेली. वरवर हे बरंच वाटेल. पण भीती हेच लहान माशाचं चिलखत असतं. हे वाचताना मला आपला पाला, म्हणजे हिलसा, आठवला. समुद्रातून नदीत चढणारा हा मासा. तापीत त्याच्या वाटेवर सिंगणपोरचा बंधारा १९९५ पासून आडवा आहेच. त्यात पाण्यात औषधांची भर नको.

गिधाडांच्या वेळी आपल्याला मेलेले पक्षी दिसत होते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती संपत चालली आहेत, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि दोन वर्षांत गुरांच्या औषधावर बंदी आली. समुद्रात खडकावरून सुटलेला शिंपला कुणाला दिसत नाही. कायद्यालाही नाही. आपल्याकडे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत, याची मर्यादा जानेवारी २०२० च्या मसुद्यात होती. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळली. तीही पटनचेरूचा अनुभव गाठीशी असताना. हैदराबादजवळच्या तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. उलट युरोपने मोठ्या शहरांतल्या केंद्रांना औषधं गाळणारा चौथा टप्पा सक्तीचा केला आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि प्रसाधन कंपन्यांवर टाकला. मला हे रास्त वाटतं. शुगरची गोळी बंद करा, असं कोण कुणाला सांगणार?

सांगण्यासारखं आहे ते एवढंच. जुन्या गोळ्या संडासात टाकू नका; फ्लश करायची सूट केंद्र सरकारच्या यादीत मोजक्या १७ औषधांना आहे, त्यात बहुतेक अफूच्या जातीची कडक वेदनाशामकं. आणि गुडघ्याला मलम चोळून झालं की नळाखाली हात धरण्याआधी तो कागदाने पुसा. कागद कचऱ्याच्या डब्यात टाका.