तणनाशकाविना हिरवळ

घराभोवतीच्या हिरवळीत लावलेल्या गवताखेरीज जे नको ते उगवते, ते तण. हैदराबादच्या अंबरपेठेसारख्या वस्तीत ते बहुधा ठरावीक जातींचे असते: लव्हाळा, आंबुटी, रानमेथी, दुधी, घोळ, एकदांडी, राननाचणी आणि कुंपणाच्या कडेने गाजर गवत. यावर दुकानातून ग्लायफोसेटची बाटली आणायची आणि पंपाने फवारायची, हा अनेक वर्षे सोपा उपाय मानला गेला. तो मार्ग कायद्याने अरुंद होत गेला. केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करता येईल, असे बंधन घातले. त्याआधी २०१८ च्या सुमारास, तणनाशक सहन करणाऱ्या बेकायदा कापूस बियाण्याच्या प्रसारामुळे तेलंगण, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांनीही या रसायनाच्या विक्री-वापरावर निर्बंध आणले होते. केरळने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. लिन्युरॉन आणि अलाक्लोर ही जुनी तणनाशकेही २०१८ च्या केंद्रीय आदेशाने बाद ठरली. त्यांपैकी अलाक्लोरची मुदत २०२० च्या अखेरीस संपली.

हिरवळीच्या दृष्टीने या बाटलीचा उपयोग तसाही मर्यादितच होता. ग्लायफोसेट निवड करत नाही. लव्हाळ्याबरोबर लावलेले गवतही जाळते. मोकळ्या पडलेल्या जागी पहिला पाऊस पडताच नवे तण उगवते.

हा प्रश्न अंगणापुरता राहत नाही. अंबरपेठ मुसी नदीच्या उत्तर काठावर आहे. अंगणातले आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी नाल्यांतून नदीकडे जाते. अंबरपेठेत दिवसाला ३३९ दशलक्ष लिटर क्षमतेचे मैलाशुद्धीकरण केंद्र आहे, पण ते घरगुती सांडपाण्यासाठी उभारलेले. तणनाशके वेगळी काढणे हे त्याचे काम नाही. इथून पुढे मुसीच्या पाण्यावर म्हशींसाठी पॅरा गवत पिकते, भात आणि पालेभाज्याही होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. अन्य काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. तरीही केवळ शोभेच्या गवतासाठी ही जोखीम दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचवण्याचे कारण उरत नाही.

बंदी आलेल्या गावांचा अनुभव

कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या हडसन या छोट्या गावाने १९९१ मध्ये शोभेच्या बागांवर कीडनाशके आणि तणनाशके मारण्यास बंदी घातली. फवारणी कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा अधिकार मान्य केला. पुढे क्यूबेकने २००३ मध्ये आणि ऑन्टारिओने २००९ मध्ये प्रांतभर असे नियम केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून सार्वजनिक बागांत आणि २०१९ पासून घरगुती बागांत कृत्रिम कीडनाशके आणि तणनाशके वापरता येत नाहीत. तिथल्या हिरवळी नाहीशा झाल्या नाहीत. त्यांची देखभाल बदलली. गवत थोडे उंच ठेवणे, विरळ जागी पुन्हा पेरणी करणे, हाताने तण काढणे आणि थोडी सरमिसळ चालवून घेणे यांवर भर आला. ही सूत्रे हैदराबादलाही लागू पडतात. मात्र तिथला तणांचा मोसम वसंताचा, तर इथला मृगापासून सुरू होणारा. शिवाय थंड देशांत न टिकणारा लव्हाळा इथे ठाण मांडून बसलेला असतो.

तण का माजते

दाट गवताखालच्या जमिनीवर ऊन पोहोचत नाही आणि तणाच्या बहुतेक बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. म्हणून हिरवळीतले तण म्हणजे बहुतेक वेळा गवत विरळ झाल्याची खूण असते, आणि कोणते तण वाढले आहे यावरून कारणही कळते. येण्याजाण्याने माती घट्ट झाली की राननाचणी पसरते. नत्र कमी पडले की रानमेथी फावते, कारण ती शेंगवर्गीय आहे आणि हवेतला नत्र आपल्या मुळांवरच्या गाठींत साठवते. रोज थोडेथोडे पाणी दिल्याने वरचा थर कायम ओला राहिला की लव्हाळ्याला बळ मिळते. कापणी फार खाली गेली की जमिनीलगत पसरणारी दुधी आणि आंबुटी मोकळी होते.

तण येण्याची दुसरी वाट माणसाच्या हातची असते. अर्धवट कुजलेल्या शेणखतात जनावरांच्या पोटातून आलेले बी जिवंत असते. भरावाच्या लाल मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात. नर्सरीतून चौकोनी तुकड्यांत आणलेल्या तयार हिरवळीच्या मातीतही त्या लपलेल्या असतात. तुकडा उलटा करून खालची माती बोटांनी चाचपून पाहिली, तर पुढच्या कित्येक महिन्यांचे काम वाचते.

लव्हाळा

हिरवळीतला सर्वांत चिवट शत्रू लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा. तेलुगूत याला तुंग म्हणतात. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत तणशास्त्रज्ञांनी त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. तो गवतासारखा दिसला तरी गवत नाही. त्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात आणि पाने तीन दिशांना फुटलेली दिसतात. कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच तो आजूबाजूच्या गवतापेक्षा वर डोकावतो.

खुरप्याने त्याच्या भोवतीची माती सैल करून पाहिले की त्याचे बळ कळते. पातीच्या तळाशी एक लहानशी गाठ असते. तिच्यातून तारेसारखी काळपट मुळी निघते, ती दुसऱ्या गाठीपर्यंत आणि तिथून तिसऱ्यापर्यंत जाते. जपमाळेतल्या मण्यांसारख्या या गाठी बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात. पाती वरून ओढली की ती तळाच्या गाठीपाशी तुटते, साखळी जमिनीतच राहते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होऊन एकाच्या जागी दोन-तीन कोंब येतात. ‘उपटले तेवढे वाढले’ ही माळ्यांची तक्रार म्हणूनच खरी आहे.

उपायही या रचनेतूनच निघतो. नवा कोंब सुरुवातीचे काही दिवस जुन्या गाठीतला साठा खाऊन वाढतो. पाने मोठी झाली की तो स्वतःचे अन्न तयार करतो आणि उगवल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतो. तेव्हा दर दोन आठवड्यांनी, काहीही झाले तरी तीन आठवडे उलटण्याआधी, प्रत्येक कोंब काढला गेला पाहिजे. पाऊस थांबून जमिनीला वाफसा आला की लांब, अरुंद खुरपे पातीच्या शेजारी उभे खुपसावे, मातीचा गड्डा उचलावा, साखळी हातात येईल तेवढी काढावी, माती परत दाबावी आणि गवताची एखादी कांडी तिथे खोचावी. काढलेल्या गाठी कंपोस्टात टाकू नयेत. फरशीवर कडक उन्हात पूर्ण सुकेपर्यंत पसरून मगच टाकाव्यात. पाणी गेलेली गाठ पुन्हा रुजत नाही.

लव्हाळ्याला सावली मानवत नाही. त्यामुळे काढणी आणि दाट गवत ही दोन्ही कामे बरोबरीने चालली, तरच तो हटतो. एका मोसमात जमीन पूर्ण स्वच्छ होत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र कोंबांची संख्या ठळकपणे घटलेली दिसते.

रुंद पानांची तणे आणि गाजर गवत

आंबुटी, दुधी, एकदांडी, रानमेथी यांचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. दुधी आणि एकदांडीला सोटमूळ असते. पावसानंतर माती मऊ असताना बुडाशी धरून सावकाश ओढले की ते अखंड निघते. आंबुटी आणि रानमेथी जमिनीवर सरपटत जागोजागी मुळे धरतात. त्यांची जाळी लोखंडी दाताळ्याने आधी उचलून घ्यावी आणि मग कापणी करावी. फूल येण्यापूर्वी काढणे हा सर्वांना लागू पडणारा नियम. आंबुटीची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात आणि बी दूरवर उडवतात, म्हणून बोंडे धरल्यावर तिला हलवण्यात तोटाच असतो.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे हे झाड भारतात प्रथम पुण्यात, १९५० च्या दशकात नजरेत आले आणि पुढे देशभर पसरले. तेलंगणात त्याला वय्यारी भामा म्हणतात. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज आणि पुरळ येते, परागकणांनी दमा उफाळतो. एक झाड हजारो बिया टाकते. ते फुलण्यापूर्वी, ओल्या मातीतून, हातमोजे घालून आणि नाकावर रुमाल बांधून मुळासकट उपटावे. फूल न आलेली झाडे कंपोस्टात चालतात, फुललेली नाहीत. बंगळुरूला १९८४ मध्ये सोडलेले मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. रिकाम्या प्लॉटवर ते दिसले तर त्यांना काम करू द्यावे.

नवी हिरवळ: उन्हाळ्याचा उपयोग

नवी हिरवळ लावायची असेल तर निम्मी लढाई लागवडीपूर्वीच जिंकता येते, आणि त्यासाठी हैदराबादचा उन्हाळा हे फुकटचे साधन आहे. एप्रिलमध्ये जमीन वीतभर खोल खणावी, ढेकळे उलटी करून तापू द्यावीत आणि दिसतील त्या गाठी वेचाव्यात. त्यानंतर जमीन सपाट करून पाणी द्यावे आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून अंथरावा. कडा मातीत गाडाव्यात. चार ते सहा आठवड्यांत त्याखालची वरची माती इतकी तापते की बहुतेक वार्षिक तणांचे बी निकामी होते. काळा कागद नव्हे, पारदर्शकच घ्यावा, कारण ऊन त्यातून आरपार जाऊन माती तापवते. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र यातून वाचतात.

त्यांच्यासाठी पुढची पायरी म्हणजे खोटी पेरणी. कागद काढून पाणी द्यावे, जे उगवेल ते दहा-पंधरा दिवसांनी वरच्यावर खुरपून टाकावे आणि हे पुन्हा एकदा करावे. या वेळी खोल खणू नये. खालचे बी वर येते. पाऊस स्थिरावला की पूर्ण उन्हाच्या जागी हरळीची सुधारित जात लावावी. कांड्या चार बोटांवर लावल्या तर पावसाळा सरेपर्यंत जमीन झाकली जाते. अंतर जास्त ठेवले तर मधल्या जागेत तण शिरते.

वर्षभराची निगा

कापणीचा नियम सोपा आहे: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. हरळी तीन-चार सेंटीमीटरवर ठेवली की जमीन झाकलेली राहते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी दोन-चार दिवसांनी, पण खोलवर मुरेल असे द्यावे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पाऊस ओसरल्यावर चांगले कुजलेले, चाळलेले कंपोस्ट पातळ थरात पसरावे. वहिवाटीने घट्ट झालेल्या पट्ट्यात पहारीने किंवा काटेफावड्याने भोके पाडावीत, म्हणजे मुळांना हवा मिळते. जिथून माणसे रोज जातातच, तिथे फरश्या टाकणे शहाणपणाचे. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत हरळी तग धरत नाही. तिथे गवताचा हट्ट सोडून सावली सोसणारी झाडे लावावीत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

टाळावयाचे उपाय

रसायनाला पर्याय म्हणून सांगितले जाणारे काही घरगुती उपाय रसायनाइतकेच घातक आहेत. मिठाने तण मरते, पण माती खारवते आणि तिथे गवतही उगवत नाही. रॉकेल, डिझेल आणि संडास धुण्याचे ॲसिड माती नासवतात आणि पावसाबरोबर नाल्यात उतरतात. स्वयंपाकातला व्हिनेगर फक्त पाने करपवतो. कोवळी वार्षिक तणे त्याने मरतात, लव्हाळा मात्र खालून पुन्हा फुटतो. फरशीच्या फटींतल्या तणावर उकळते पाणी ओतणे तेवढे उपयोगी आणि निरुपद्रवी आहे. हिरवळीवर ते ओतू नये.

काय राहू द्यावे

प्रत्येक अनाहूत रोप शत्रू नसते. घोळीची कोवळी पाने तेलुगू घरांत गंगवायिली म्हणून डाळीत पडतात आणि मराठी घरांत तिची भाजी होते. शेतकरी ज्या कुर्डूला तण म्हणून निंदून काढतो, तोच गुनुगु या नावाने तेलंगणाच्या बतुकम्मा सणात फुलांच्या राशीत मानाने रचला जातो. सणाचे नाव धारण करणारा बतुकम्मा कुंटा हा तलाव ‘बाग अंबरपेठ’ भागात २०२५ मध्ये पुन्हा जिवंत करण्यात आला. अशा पाणथळ जागेच्या शेजारी रसायन न वापरलेले अंगण अधिकच मोलाचे. रानमेथी नत्र देते आणि कापणीत तग धरते. ती थोडी असली तर राहू द्यायला हरकत नाही.

म्हणून कामाची क्रमवारी अशी लावावी: गाजर गवत आधी आणि संपूर्ण, लव्हाळा सातत्याने, सोटमुळाची तणे फुलण्यापूर्वी, आणि बाकीच्यांकडे गवत दाट होईपर्यंत थोडे दुर्लक्ष. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खुरप्याची एक फेरी, वर्षातून दोनदा कंपोस्ट आणि योग्य उंचीची कापणी एवढे दोन वर्षे नेमाने चालले की हिरवळ स्वतःच तणाला आवर घालू लागते.